खरपूस आणि करपलेलं यांच्या मधोमध: ‘ब्लॅकन्ड फिश’ काळा कशाने होतो?

मेन्यूकार्डावर ‘केजन’ हा शब्द हल्ली कुठेही भेटतो. केजन बटाटे, केजन पनीर, केजन मसाल्याचे पॉपकॉर्न. त्यातच एखाद्या ओळीत ‘ब्लॅकन्ड फिश’ही असतो. गेल्या वर्षी आत्याला घेऊन जेवायला गेलो होतो, तेव्हा मी तो मागवला. ताटलीत आला तो वरून काळपट तांबूस, कडेला तर चक्क काळा. आत्या मालवणची, माशाच्या बाबतीत तिचा शब्द आमच्या घरात शेवटचा. तिने काट्याने एक कोपरा उचलून पाहिला आणि म्हणाली, “अरे, परत पाठव. करपवलान मेल्याने.” मग एक घास खाल्ला, गप्प झाली, दुसरा घेतला. “करपलेला नाहीये रे,” ती म्हणाली, “पण मग काळा कशाने झालाय?”

प्रश्न बिनतोड होता. काळं दिसतं पण जळकं लागत नाही, आत मासा पांढराशुभ्र आणि रसदार, हे कसं जमतं? त्याच्या उत्तरासाठी अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात जावं लागतं आणि थोडं आपल्या तूप कढवायच्या पातेल्यातही डोकवावं लागतं.

केजन म्हणजे कोण?

केजन हा मसाला नाही, ती माणसं आहेत. सतराव्या शतकात फ्रान्समधून काही शेतकरी कुटुंबं आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशियाच्या परिसरात येऊन वसली. त्या मुलखाला ते अकादी म्हणत. पुढे तिथे इंग्रजांचा अंमल आला. इंग्रजांना बिनशर्त निष्ठेची शपथ हवी होती आणि ती घ्यायला ही मंडळी तयार नव्हती. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना जहाजांत कोंबून हद्दपार करायला सुरुवात केली. घरंच्या घरं फुटली, कोण कुठल्या बंदराला लागला याचा पत्ता नाही. त्यातले काही जण १७६० च्या दशकात दक्षिणेला, तेव्हा स्पेनकडे गेलेल्या लुइझियानात पोचले आणि खाड्या-खाजणांच्या दलदलीत त्यांनी पुन्हा चुली मांडल्या. ‘अकादियाँ’चं ‘कादियाँ’ झालं आणि इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘केजन’. शीवचं सायन झालं, तसंच.

त्यांचं जेवण दलदलीत जे मिळेल त्यावर उभं राहिलं: मासे, कोळंबीच्या जातीचे गोड्या पाण्यातले क्रॉफिश, बदकं, डुकराचं मांस, तांदूळ. कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची ही तिकडची त्रयी, आपल्या आलं-लसूण-मिरचीसारखी जवळजवळ प्रत्येक पदार्थाच्या बुडाशी असणारी. गम्बो, जांबालाया, एटुफे हे सगळे एका भांड्यात, सावकाश शिजणारे पदार्थ. तिखटाचा भडिमार त्यात असतोच असं नाही. आणि काळा केलेला मासा? आजी-पणजीच्या वेळचा असा पदार्थ केजन घरांत नव्हता.

मग ही ‘परंपरा’ आली कुठून?

एका माणसाच्या स्वयंपाकघरातून. पॉल प्रुडोम १९४० साली लुइझियानातल्या ऑपलूसस गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात जन्मले, तेरा भावंडांत शेंडेफळ. न्यू ऑर्लिन्समधल्या ‘कमांडर्स पॅलेस’ या प्रतिष्ठित रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघराची सूत्रं त्यांनी सांभाळली आणि १९७९ मध्ये पत्नी के यांच्यासोबत त्याच शहरात ‘के-पॉल्स लुइझियाना किचन’ हे छोटंसं रेस्टॉरंट काढलं. नावातली के म्हणजे त्या, पॉल म्हणजे हे. लाकडाच्या विस्तवावर भाजलेल्या माशाला जी धुरकट, खमंग चव येते ती विस्तवाशिवाय आणायची, म्हणून त्यांनी बिडाचा तवा तापवला. साधासुधा तापवला नाही. धूर निघून गेल्यावरही तापवत राहिले, तव्याच्या तळाला पांढरट राख दिसेपर्यंत. मग लोण्यात बुडवलेला, मसाला लावलेला रेडफिश नावाचा मासा त्यावर टाकला.

१९८० च्या आसपास तो पदार्थ लोकांसमोर आला आणि रस्त्यावर रांगा लागल्या. काही वर्षांत अमेरिकेतल्या हर एक गावात कोणी ना कोणी काहीतरी ‘ब्लॅकन’ करू लागलं. म्हणजे आपण ज्याला केजन लोकांची पिढीजात पाककृती समजतो, ती मारुती ८०० पेक्षा जेमतेम तीन वर्षांनी थोरली आहे. माझ्या मते यात कमीपणा काही नाही. मसाले आणि हात केजनच होता, युक्ती नवी होती. प्रुडोम २०१५ मध्ये गेले आणि त्यांचं ते रेस्टॉरंट २०२० मध्ये कायमचं बंद झालं, पण पदार्थाने केव्हाच राज्य सोडलं होतं.

काळं नेमकं काय होतं?

इथे आत्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते तिला आधीपासून ठाऊक होतं.

घरी लोणी कढवताना काय होतं ते आठवा. आधी तडतड, बुडबुडे, कारण लोण्यात पाणी असतं आणि ते उडून जातं. मग आवाज मंदावतो, तूप पारदर्शक होतं आणि तळाशी बेरी उरते. ही बेरी म्हणजे लोण्यातला दुधाचा घनभाग: प्रथिनं आणि दुधातली साखर. तिचा रंग आधी सोनेरी, मग विटकरी, आणि गॅस बंद करायला उशीर झाला की काळा. तूप स्वतः काळं होत नाही, बेरी होते.

ब्लॅकन्ड फिशवरचा काळा रंग मुख्यतः हीच बेरी आहे. वितळलेल्या लोण्यात मासा बुडवतात, त्यावर कोरडा मसाला भुरभुरवतात आणि तो भगभगत्या तव्यावर टाकतात. लोण्यातलं पाणी क्षणात उडतं, दुधाचा घनभाग आणि मसाला एकमेकांना चिकटून तव्यावर भाजले जातात. बाजारातल्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेल्यात बहुतेक पाणी आणि एक-दोन टक्के हा घनभाग. एवढासा घनभाग बहुतेक रंग देतो. लोण्याऐवजी साजूक तूप वापरून बघा, मासा छान भाजेल पण काळा म्हणावा असा होणार नाही. बेरी गाळून टाकलेली असते ना.

दुसरी गोष्ट म्हणजे मसाला. कांद्याची आणि लसणीची पूड, लाल मिरची यांत साखर असते आणि ती लवकर रंग घेते. तिसरी गोष्ट खुद्द माशाचा पृष्ठभाग. प्रथिनं आणि साखर यांची मोठ्या आचेवर गाठ पडली की शेकडो नवे सुवास तयार होतात आणि रंग तपकिरी होतो. याला मायार प्रक्रिया म्हणतात, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं म्हणून. भाकरीचे पापुद्रे, भाजलेले शेंगदाणे, वाटणासाठी परतलेला कांदा, सगळीकडे तीच. साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे ती जोर धरते. पाणी १०० अंशांना उकळतं, त्यामुळे जिथे ओल आहे तिथे ती होत नाही, किंवा फारच हळू होते. कालवणातला मासा म्हणूनच कधी तांबूस होत नाही.

या प्रक्रियेचा पल्ला फार नाही. आपल्याकडे त्यासाठी दोन शब्द आहेत आणि ते दुसऱ्या भाषांत इतके नेमके मिळायचे नाहीत: खरपूस आणि करपलेलं. सुक्या वाटणासाठी खोबरं भाजताना आई जिथे हात थांबवते, ती जागा खरपूसची. तिथून अर्धं मिनिट पुढे गेलं की कडवट. ब्लॅकन्ड फिश खरपूसच्या शेवटच्या टोकावर उभा असतो, एक पाय पलीकडे टाकून. तो थोडासा कडवटपणा मुद्दाम ठेवलेला आहे. लोण्याचा गोडवा आणि माशाची चव त्याला तोलून धरतात.

बाहेर काळा, आत रसाळ: हे कसं?

चैत्रातल्या दुपारी तापलेल्या वाळूवरून अनवाणी पळत गेलात तर तळवे पोळत नाहीत, उभे राहिलात तर पोळतात. उष्णतेला आत शिरायला वेळ लागतो. माशाचंही तसंच. तवा अडीचशे अंशांच्या पुढे असला तरी माशाच्या मध्यापर्यंत ती धग पोचायला दीड-दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात बाहेरचा थर तयार होतो आणि मासा उलटायची वेळ येते. आतलं तापमान साठ अंशांच्या आसपास गेलं की माशाची पाकळी सुटू लागते. अमेरिकी सरकारी सल्ला ६३ अंशांचा आहे. त्याहून फार पुढे नेलं तर मासा भुसा.

एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण बहुतेक घरगुती प्रयत्न इथेच फसतात. जाडी दुप्पट झाली तर उष्णता मध्यापर्यंत पोचायला दुप्पट नाही, साधारण चौपट वेळ लागतो. करंगळीच्या जाडीचा, म्हणजे दीड सेंटीमीटरचा तुकडा दोन-दोन मिनिटांत होतो. सुरमईचा तीन सेंटीमीटर जाड गोल तुकडा घेतलात तर आत शिजेपर्यंत बाहेर कोळसा. म्हणून या पद्धतीला पातळ फिले लागतात, काटे आणि साल काढलेले.

बिडाचाच तवा कशाला?

कारण तो जड आहे. उष्णतेच्या बाबतीत पातळ ॲल्युमिनियमचा पॅन म्हणजे खिशातली नोट: पटकन येते, पटकन खर्च होते. बिडाचा तवा म्हणजे बँकेतली ठेव. साठवायला वेळ लागतो पण थंडगार मासा टाकला तरी ती एकदम संपत नाही. पातळ पॅनचं तापमान मासा पडताच कोसळतं, माशाचं पाणी सुटतं, आणि तो भाजायच्या ऐवजी स्वतःच्याच वाफेत शिजतो.

बिडाची खोड एकच, त्याच्यातून उष्णता सावकाश पसरते. गॅसची ज्योत जिथे लागते तिथे तवा आधी तापतो. म्हणून मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं द्यायची, मोठ्या आचेवर तीन नाही. आजीचा घावन-आंबोळीचा बिडाचा तवा माळ्यावर पडला असेल तर तो उतरवा, याहून चांगलं भांडं तुम्हाला दुकानात मिळणार नाही. जाड लोखंडी तवाही चालेल.

नॉनस्टिक मात्र अजिबात नको. इथे मी जरा आग्रही आहे. त्यावरचा लेप २६० अंशांच्या आसपास बिघडू लागतो आणि त्याहून जास्त तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूने माणसाला तापासारखा त्रास होतो. पाळलेले पक्षी तर त्याने मरतात. रिकामा तवा दहा मिनिटं तापवणं ही या पदार्थाची पहिलीच पायरी आहे, म्हणजे नॉनस्टिक पहिल्याच पायरीवर बाद.

कुठला मासा? आणि रेडफिशचं पुढे काय झालं?

प्रुडोम यांचा रेडफिश म्हणजे रेड ड्रम: तांबूस रंगाचा, शेपटीजवळ काळा ठिपका असलेला, मेक्सिकोच्या आखातात आणि अटलांटिकच्या किनाऱ्याला मिळणारा. ‘ड्रम’ अशासाठी की विणीच्या काळात नर पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतात. आपल्याकडच्या कोणाची आठवण झाली? घोळ आणि ढोमा याच कुळातले. घोळीच्या पोटातली तीच पिशवी म्हणजे बोत, जिच्या भावामुळे जाळ्यात घोळ लागलेला कोळी बातमीत येतो. २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरब्याच्या एका बोटीला घोळीचा मोठा थवा लागला, तो बोतींच्या मोलामुळे कोटीच्या वर गेला होता. रेडफिश अशा रीतीने घोळीचा अमेरिकन चुलतभाऊ.

त्या चुलतभावावर मात्र पदार्थाच्या कीर्तीने संक्रांत आणली. रेडफिशची पिल्लं किनाऱ्याच्या दलदलीत वाढतात, मोठे मासे खोल समुद्रात थव्याने राहतात आणि चाळीस-चाळीस वर्षं जगतात. विणीचे मासे म्हणजे हेच थवे. १९८० च्या दशकात मागणी इतकी चढली की विमानातून थवे हेरून त्यांच्याभोवती मोठमोठी जाळी टाकली जाऊ लागली. मग १९८६-८७ मध्ये आखातातल्या केंद्राच्या हद्दीतल्या पाण्यात या मासेमारीवर बंदी आली, लुइझियानानेही त्याची व्यापारी मासेमारी थांबवली. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी खास आदेश काढून केंद्राच्या हद्दीतल्या रेड ड्रमच्या विक्रीवर निर्बंध आणले. एका रेस्टॉरंटच्या तव्यावरून सुरू झालेली गोष्ट तिथवर गेली. आज तिकडे हॉटेलात मिळणारा रेडफिश बहुधा तळ्यांत वाढवलेला असतो, आणि ‘ब्लॅकन्ड’ नावाखाली कॅटफिश, स्नॅपर, सालमन, कोंबडी, काहीही चालतं.

आपल्या बाजारात घोळीचा किंवा जिताड्याचा फिले मिळाला तर उत्तम. मांस घट्ट, पाकळी मोठी. रावस छानच, फक्त महाग. सुरमई चालते, पण कोळणीला सांगावं लागतं: “मावशी, गोल तुकड्या नको, मधला काटा काढून उभे पातळ फिले करून द्या.” आमच्या कोळीणमावशीने पहिल्यांदा माझ्याकडे असं काही पाहिलं की जणू मी सुरमईचा अपमान केला. बासा सगळीकडे मिळतो पण त्यात पाणी फार, त्याला फडक्यात गुंडाळून तासभर फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय तव्यावर नेऊ नये. बोंबील विसरा. पापलेटचं मांस नाजूक आणि पातळ, या धगीत त्याची चव हरवते. त्याला आपली रव्याची पद्धतच शोभते.

मसाला: तयार पाकीट की घरचा?

तयार पाकिटात वाईट काही नाही. फक्त मागे लिहिलेली यादी वाचा. बऱ्याचदा पहिलंच नाव मिठाचं असतं. असं असेल तर वर आणखी मीठ नको आणि लोणीही बिनमिठाचं घ्या.

घरी करायचा तर चौघांसाठी, म्हणजे पाव-सव्वापाव किलोचे दोन मोठे फिले अर्धे करून, इतका पुरतो: पॅप्रिकाच्या जागी एक मोठा चमचा बेडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड. तिकडची पॅप्रिका रंगाला जास्त आणि तिखटाला कमी, आपली बेडगी तशीच. तिखटपणासाठी वेगळी मिरची घालतात, तिथे अर्धा चहाचा चमचा लवंगी. कांद्याची पूड आणि लसणीची पूड एकेक चहाचा चमचा, मीठ दीड चमचा, काळी मिरी पाऊण, पांढरी मिरी अर्धा. शेवटी थाइम आणि ओरेगानो, दोन्ही सुकवलेले, अर्धा-अर्धा चमचा, हातावर चुरडून.

थाइम नसेल तर? डब्यातला ओवा काढा. थाइमचा वास ज्या थायमॉल नावाच्या द्रव्याचा, तेच ओव्यातही भरपूर असतं. फक्त ओव्यात ते फार दाट, म्हणून चिमूटभरच. जास्त झाला तर केजन जाऊन पोटदुखीचा काढा होईल.

ओलं आलं-लसूण, कोकमाचं आगळ, लिंबू यातलं काहीही मासा भाजण्याआधी लावायचं नाही. कारण वर आलंच: ओल असेल तिथे खरपूस होत नाही. आपल्या तवाफ्रायमध्ये ओला मसाला लावतो आणि वरून रव्याचं किंवा तांदळाच्या पिठाचं चिलखत घालतो, म्हणून तिथे रवा कुरकुरीत होतो आणि मसाला आत ओलाच राहतो. इथे चिलखत नाही, मसालाच कवच होतो. “हे काय, आपलं तवाफ्रायच की” असं म्हणणाऱ्यांना एवढाच फरक सांगता येतो, आणि तो पुरेसा मोठा आहे.

प्रत्यक्ष करताना

मासा टिपून अगदी कोरडा करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. थंड माशावर वितळलेलं लोणी पडलं की ते लगेच थिजतं आणि मसाल्याला डिंकासारखं धरून ठेवतं. मसाला शेवटच्या क्षणी लावा. मीठ लागून मासा दहा मिनिटं पडला तर पाणी सुटलंच म्हणून समजा.

तवा कोरडा, तेलाचा थेंबही न घालता तापवायचा. पाण्याचा थेंब टाकून पाहा. आधी तो चर्रकन उडून जातो. तवा आणखी तापला की थेंब न उडता मोत्यासारखा गोल होऊन तव्यावर धावत सुटतो, कारण त्याच्याखाली वाफेची गादी तयार होते. ही खूण साधारण दोनशे अंशांची. तिच्यानंतर आणखी तीन मिनिटं थांबा. प्रुडोम यांच्यासारखी पांढरी राख येईपर्यंत जाऊ नका. तो उद्योग मोकळ्या अंगणातला होता.

एका वेळी एकच, फार तर दोन तुकडे. मासा टाकला की हलवायचा नाही. कवच धरलं की तो आपणहून तव्याला सोडतो, आधी ओढलात तर अर्धा तव्यावर राहील. दोन मिनिटं, उलटा, वर चमचाभर लोणी, आणखी दीड-दोन मिनिटं. मग लिंबू पिळा. पुढचा तुकडा टाकण्यापूर्वी तव्यावरचं काळं उलथण्याने खरवडून काढा, नाहीतर दुसऱ्या माशाला पहिल्याची जळकी बेरी चिकटते आणि तो खरोखरच करपलेला लागतो. माझा पहिल्या वेळचा तिसरा तुकडा अशाने वाया गेला. तिकडे बरोबर भात किंवा मका असतो. मी गरम भात आणि सोलकढी ठेवतो. नारळाच्या दुधातला स्निग्धांश मिरचीचा जाळ शांत करतो, त्यामुळे ही जोडी ओढूनताणून जमवलेली वाटत नाही.

धुराचं काय?

हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. मिरची आणि लोणी अडीचशे अंशांवर भेटले की जो ठसका लागतो तो सगळ्या मजल्याला कळतो. आमच्या शेजारच्या काकू दार वाजवत आल्या होत्या: “अरे, कोणाची दृष्ट काढताय का?” मिरचीतलं तिखट द्रव्य लोण्याच्या बारीक थेंबांवर बसून हवेत उडतं, म्हणून नुसत्या वासापेक्षा घसा धरतो.

चिमणी असेल तर पूर्ण वेगाने, खिडक्या उघड्या, लहान मुलं आणि दम्याचा त्रास असलेलं माणूस दुसऱ्या खोलीत. गच्ची किंवा अंगण असेल तर शेगडी तिथेच न्या. मसाल्यातली लवंगी काढून ती नंतर लोण्यात मिसळून वरून सोडली तर ठसका बराच कमी होतो, चव जवळपास तीच राहते. माशाला लोणी पातळ लावा, निथळून. तव्यावर साचलेलं लोणी म्हणजे नुसता धूर, आणि जास्त साचलं तर भडकाही. भडका उडालाच तर गॅस बंद करून वर झाकण ठेवा. पाणी ओतू नका.

पण जळकं खाऊन कर्करोग होतो ना?

थोडं सावकाश घेऊ, कारण इथे तीन-चार गोष्टींची खिचडी होते.

बटाटा, ब्रेड यांसारखे पिठूळ पदार्थ फार भाजल्यावर जे ॲक्रिलामाइड तयार होतं, त्याचा माशाशी फारसा संबंध नाही. मांस आणि मासे फार वेळ, फार आचेवर भाजले की दुसऱ्या प्रकारची द्रव्यं तयार होतात, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांनी कर्करोग झालेला आहे. ती आच आणि वेळ दोन्हींवर अवलंबून असतात. ब्लॅकन्ड माशात आच प्रचंड पण वेळ चार मिनिटं. चरबी निखाऱ्यावर ठिबकून त्याचा धूर मांसाला लागतो तेव्हा तिसऱ्या प्रकारची द्रव्यं चिकटतात. सपाट तव्यावर तो मार्ग बराचसा बंद असतो.

मला जास्त काळजी वाटते ती खाणाऱ्यापेक्षा करणाऱ्याची. मोठ्या आचेवरच्या तळणाचा धूर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्ककारक’ या गटात टाकलेला आहे. महिन्यातून एकदा घरी केलं तर घाबरण्यासारखं नाही, पण कोंदट स्वयंपाकघरात रोज असा धूर घेणारं माणूस, मग ते हॉटेलातलं असो की घरातलं, त्याच्यासाठी हा प्रश्न खरा आहे. तेव्हा खिडकी उघडा ही सूचना नुसती शेजारधर्मासाठी नाही. आणि कडेचा जो भाग अगदी कोळसा झालाय तो काढून टाका. आत्याने टाकला होता, न विचारता.

तवा धुताना

मासा ताटात गेल्यावर तवा तसाच गॅसवर राहू द्या, गॅस बंद करून. तासाभराने हात लावण्याइतका निवला की गरम पाण्याने घासा, लगेच कोरडा करा, तेलाचा बोट फिरवा. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतलं तर ते तडकतं. मी घाईत ओतलं होतं. टणकन आवाज आला आणि आजीच्या तव्याला काठापासून मध्यापर्यंत चीर गेली. आता तो बाल्कनीत आहे, त्यावर ओव्याच्या पानांची कुंडी ठेवली आहे.